प्रमाण, विश्वास आणि प्रतीक्षा : पंडिता रमाबाईंच्या ख्रिस्ती जीवनाचा एक विचार

प्रास्ताविक

महाराष्ट्राच्या प्रबोधनाच्या इतिहासात पंडिता रमाबाई (१८५८-१९२२) यांच्या दोन प्रतिमा आढळतात. पहिली प्रतिमा १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वत्सभेने 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्यांनी गौरविलेल्या विदुषीची, १८८२ साली पुण्यात आर्य महिला समाज स्थापन करणाऱ्या व हंटर आयोगापुढे निर्भीडपणे साक्ष देणाऱ्या सुधारकाची आहे. दुसरी प्रतिमा केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये शेकडो मुलींसह पवित्र आत्म्याच्या आगमनासाठी रात्रंदिवस प्रार्थना करणाऱ्या ख्रिस्ती भक्ताची आहे. मराठी अभ्यासकांनी पहिल्या रमाबाईंवर विपुल लिहिले. दुसऱ्या रमाबाई मात्र त्यांना अडचणीच्या वाटल्या असाव्यात. १९०५ साली केडगावला जे घडले त्याचा उल्लेख बहुधा ओझरता येतो, आणि तर्काच्या बळावर शास्त्र्यांना निरुत्तर करणारी स्त्री शेवटी भावनेच्या आहारी गेली असा निष्कर्ष त्यात सूचित असतो.

हा निष्कर्ष साधनांच्या कसोटीवर टिकत नाही. प्रमाणाशिवाय विश्वास ठेवण्याची मागणी रमाबाईंपुढे आयुष्यात एकापेक्षा अधिक वेळा आली. एकदा त्यांनी ती निग्रहाने नाकारली आणि एकदा स्वीकारली. नकार आणि स्वीकार यांतील भेद लक्षात घेतला म्हणजे या दोन प्रतिमा एकाच व्यक्तीच्या आहेत हे ध्यानी येते. प्रस्तुत निबंधाचा विषय तो भेद हाच आहे.

तरंगते पर्वत

अनंतशास्त्री डोंगरे यांचे कुटुंब म्हणजे तीर्थाटन करीत पुराणे सांगणारे कुटुंब होते. आईने शिकविल्यामुळे रमाबाईंना भागवताचे हजारो श्लोक मुखोद्गत होते. देवदर्शन, उपवास, दानधर्म व व्रते यांत घरचे द्रव्य संपले, आणि मद्रास इलाख्यातील दुष्काळात १८७४ साली आईवडील थोड्या अंतराने मरण पावले. या काळात त्या कुटुंबाने श्रद्धेत कसूर केली असे कोणालाही म्हणता येणार नाही. शास्त्रवचनाप्रमाणे सर्व काही केले. फळ आले नाही.

पुढे भाऊ श्रीनिवास यांच्यासह उत्तरेकडे केलेल्या भ्रमंतीतील एक प्रसंग रमाबाईंनी १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मनिवेदनपर 'साक्षी'त नोंदविला आहे. हिमालयाच्या परिसरातील एका सरोवरात सात तरंगते पर्वत असून निष्पाप यात्रेकरू काठावर उभा राहिला तर ते त्याच्याकडे सरकत येतात, अशी ख्याती होती. पाण्यात मगरी आहेत, तेव्हा कोणी उतरू नये, अशी पुजाऱ्यांची सक्त सूचना असे. श्रीनिवास पट्टीचे पोहणारे होते. पुजारी जागे होण्यापूर्वी पहाटे त्यांनी पाण्यात उडी घेतली. तराफ्यांवर दगडमाती रचून त्यावर झाडे लावलेली होती, आणि मागे लहान होडी होती. यात्रेकरूकडून दक्षिणा मिळाली की तराफा काठाकडे ढकलला जाई.

या प्रसंगाचा उपयोग बहुधा मूर्तिपूजेविरुद्धचा दाखला म्हणून केला जातो. पण त्यात आणखी एक गोष्ट आहे. त्या काठावर भाविकाला श्रद्धा ठेवण्यास सांगितले जात नव्हते, तर डोळ्यांना दिसणारे प्रमाण दाखविले जात होते. भावंडांनी जे उघडकीस आणले ते श्रद्धेचे पोकळपण नव्हे. ते बनावट पुराव्याचे होते. चमत्काराच्या रूपाने येणाऱ्या पुराव्याविषयी रमाबाईंच्या मनात जी सावधता पुढे आयुष्यभर दिसते, तिचे मूळ या अनुभवात शोधणे अयोग्य ठरू नये.

नीलकंठशास्त्री गोऱ्हे यांचा प्रश्न

प्रमाण आणि विश्वास यांचा झगडा रमाबाईंच्या आधी एका चित्पावन शास्त्र्याने अधिक तीव्रतेने भोगला होता. नीलकंठशास्त्री गोऱ्हे (१८२५-१८९५) काशीत वाढले व न्यायादी शास्त्रांत पारंगत झाले. जॉन म्यूर या स्कॉटिश अधिकाऱ्याने संस्कृतात 'मतपरीक्षा' हा ख्रिस्ती धर्माच्या समर्थनाचा ग्रंथ १८३९ साली लिहिला होता. त्याला उत्तर म्हणून नीलकंठशास्त्र्यांनी विशीच्या उंबरठ्यावर असताना 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' रचला. खंडनासाठी ख्रिस्ती ग्रंथ वाचता वाचता त्यांचे स्वतःचे मत ढळले, आणि १४ मार्च १८४८ रोजी जौनपूर येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८६० साली त्यांचा 'षड्दर्शनदर्पण' हा हिंदी ग्रंथ प्रसिद्ध झाला.

नैयायिकाच्या दृष्टीने ज्ञानाची साधने चार : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. ईश्वराने धर्म प्रकट केला हे प्रत्यक्षाने कळत नाही. अनुमानाने फार तर ईश्वर आहे एवढे सिद्ध होईल. त्याने नाझरेथच्या येशूच्या रूपाने अवतार घेतला हे सिद्ध होणार नाही. उरते शब्दप्रमाण, म्हणजे आप्ताचे वचन. पण हा आप्त विश्वसनीय आहे हे कशावरून ठरवायचे? जो प्रश्न गोऱ्हे यांनी वेद व दर्शने यांना विचारला, तोच प्रामाणिकपणे बायबलला विचारणे त्यांना भाग होते. आणि तो त्यांनी जन्मभर विचारला. बाप्तिस्म्यानंतरही संशयांनी त्यांची पाठ सोडली नाही. १८७६ साली ते ऑक्सफर्डजवळील काउली येथील संन्यस्त संघात उमेदवार म्हणून दाखल झाले, परंतु अखेरची शपथ त्यांनी घेतलीच नाही. ख्रिस्ती धर्म ईश्वरदत्त असल्याची प्रमाणे सांगणारी त्यांची पुस्तके १८८० च्या दशकातील आहेत. चाळीस वर्षे ख्रिस्ती राहिलेला मनुष्य अजूनही प्रमाणेच गोळा करीत होता, ही बाब हेलावून टाकणारी आहे.

पुण्यात रमाबाईंची गोऱ्हे यांच्याशी ओळख झाली. त्यांच्या नम्र वागण्याचा आणि मृदू बोलण्याचा आपल्यावर किती परिणाम झाला हे रमाबाईंनी कृतज्ञतेने सांगितले आहे. इंग्लंडला जाण्याच्या त्यांच्या निर्णयामागे जसा मिस हर्फर्ड या शिक्षिकेचा, तसाच गोऱ्हे यांचा आधार होता. इंग्लंडला गेल्यावर गोऱ्हे यांचे लेखन वाचून रमाबाईंच्या बुद्धीचे समाधान झाले आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांनी कन्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. म्हणजे रमाबाईंचे ख्रिस्तीकरण, निदान त्याचा पहिला टप्पा, प्रमाणांच्या मार्गाने झाला. लंडनमधील फुलहम येथे पतित मानल्या गेलेल्या स्त्रियांना आधार देणाऱ्या धर्मभगिनींचे काम त्यांनी पाहिले होते आणि योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा त्यांच्या मनाला भिडली होती, हेही नमूद केले पाहिजे. पण निर्णयाला लागणारी संमती बुद्धीने दिली.

आज्ञापालन की विश्वास?

बाप्तिस्म्यानंतर लगेच संघर्षाला आरंभ झाला. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन व चेल्टनहॅम लेडीज कॉलेजच्या प्राचार्या डोरोथिया बील यांच्याशी रमाबाईंचा झालेला पत्रव्यवहार अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला आहे. रमाबाईंच्या धर्मविचाराचे हे सर्वांत विश्वसनीय साधन होय. १९०७ ची 'साक्ष' मागे वळून लिहिलेली आहे, ही पत्रे मात्र त्या त्या दिवशीची आहेत.

त्रैक्याचा सिद्धांत, ख्रिस्ताचे ईश्वरत्व, कुमारीपासून जन्म, आणि अथेनेशियन मतांगिकारातील विश्वास न ठेवणाऱ्यांना सार्वकालिक दंड सांगणारी वाक्ये यांविषयी रमाबाईंनी एकामागून एक प्रश्न उपस्थित केले. बायबलात जे स्पष्ट सांगितलेले नाही ते चर्चने ठरविले म्हणून मानायचे हे त्यांना मान्य नव्हते. भारतातील पुरोहितवर्गाचे जू मोठ्या कष्टाने मानेवरून काढल्यावर दुसऱ्या पुरोहितवर्गाचे जू मी का घ्यावे, अशा आशयाचा त्यांचा सवाल प्रसिद्धच आहे. सिस्टर जेराल्डीन यांना यात अहंकार दिसला. विश्वास म्हणजे नम्रता, आणि नम्रता म्हणजे चर्चच्या अधिकाराला शरण जाणे, अशी त्यांची धारणा होती. डोरोथिया बील यांची भूमिका अधिक उदार होती. प्रश्न विचारणाऱ्या मनाला वेळ द्यावा लागतो हे त्या शिक्षिकेला उमगले होते.

'प्रमाणाशिवाय विश्वास' ही मागणी १८८४-८५ च्या सुमारास रमाबाईंपुढे आली ती या रूपात. आम्ही सांगतो म्हणून मान, हे तिचे सार. काठावर उभ्या असलेल्या पुजाऱ्याची सूचना याहून फार वेगळी नव्हती. रमाबाईंनी ती नाकारली, आणि ख्रिस्ती राहूनच नाकारली, हे लक्षणीय आहे.

१८८६ साली आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभाच्या निमित्ताने त्या अमेरिकेस गेल्या, १८८७ साली बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाली, आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. शारदा सदनाचा इतिहास सुपरिचित आहे. त्याची पुनरुक्ती येथे आवश्यक नाही.

१८९१ : धर्म मिळाला, पण...

शारदा सदन मुंबईहून पुण्याला आल्यानंतरच्या काळात, १८९१ च्या सुमारास, रमाबाईंच्या जीवनात एक शांत पण मूलगामी बदल झाला. विल्यम हॅस्लम या इंग्लिश धर्मोपदेशकाचे आत्मकथन त्यांच्या वाचनात आले. कॉर्नवॉलमधील या उपदेशकाला स्वतःच व्यासपीठावरून उपदेश करीत असताना आपल्याला अद्याप ख्रिस्ताचा परिचय नाही हे उमगले होते. रमाबाईंना त्यात स्वतःचे चित्र दिसले. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला आहे, परंतु त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त मिळालेला नाही, अशा शब्दांत त्यांनी पुढे त्या अवस्थेचे वर्णन केले.

येथे पुन्हा प्रमाणाशिवाय विश्वासाचा प्रश्न आला, पण त्याचे स्वरूप पालटले होते. आता एखादे विधान खरे मानावयाचे नव्हते, तर एका व्यक्तीवर भरवसा टाकावयाचा होता. मराठी ख्रिस्ती परिभाषेत 'विश्वास' हा शब्द या दोन्ही अर्थांनी वापरला जातो, आणि त्यामुळे बराच घोटाळा होतो. एखाद्या मताला संमती देण्यासाठी प्रमाण मागणे रास्त आहे. भरवसा मात्र ज्याला प्रमाण पोहोचत नाही अशा भविष्यकाळाविषयी असतो. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात विश्वासाचे जे निरूपण आहे, त्यातही अब्राहामाचे उदाहरण मत मानण्याचे नसून ठाऊक नसलेल्या देशाकडे चालू लागण्याचे आहे. डोंगरे कुटुंबात जन्मलेल्या, हिंदुस्थान पायी तुडविलेल्या रमाबाईंना ते उदाहरण जवळचे वाटले असल्यास नवल नाही.

या बदलाची किंमत त्यांना लवकरच मोजावी लागली. शारदा सदनातील काही मुली रमाबाईंच्या खाजगी प्रार्थनेस बसतात यावरून पुण्यात वादळ उठले, 'केसरी'ने कडक टीका केली, आणि १८९३ साली न्यायमूर्ती रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले. धर्माबाबत तटस्थ राहण्याच्या अभिवचनावर संस्था उभी होती. त्यामुळे विरोधकांचा आक्षेप केवळ द्वेषमूलक होता असे म्हणणे न्याय्य होणार नाही. रमाबाईंनी आपला विश्वास लपविला नाही, पण संस्थेचे अभिवचन व संचालिकेचा उत्साह यांतील ताण त्यांनी पुरता ओळखला होता असेही दिसत नाही.

केडगाव : तयारीचा अर्थ

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे ३०० मुली व स्त्रियांना घेऊन आल्या. पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे घेतलेल्या जमिनीवर मुक्ती सदन उभे राहिले. पुढे गुजरातच्या दुष्काळातून (१८९९-१९००) आणखी शेकडो जणी आल्या आणि संख्या दोन हजारांच्या घरात गेली. अमेरिकेतील वर्गणीदारांची दहा वर्षांची मुदत १८९८ साली संपली. ब्रिस्टल येथे हजारो अनाथ मुलांचा सांभाळ करणारे जॉर्ज म्यूलर कोणाकडेही पैसा न मागता केवळ प्रार्थनेवर विसंबत. त्यांचे चरित्र रमाबाईंनी वाचले होते. केडगावचा कारभारही त्यांनी त्याच तत्त्वावर चालविण्याचे ठरविले. याबाबत इतिहासकाराने एक गोष्ट नोंदविणे आवश्यक आहे. मुक्तीची वृत्तपत्रिका परदेशी वाचकांकडे जात होती आणि संस्थेची गरज त्यांना कळत होती. म्हणून 'न मागता' या शब्दाचा अर्थ 'न कळविता' असा घेता येणार नाही. तरीही उद्याच्या धान्याची हमी नसताना दोन हजार तोंडांची जबाबदारी घेणे हे धाडस होते, याविषयी दुमत नसावे.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात दहा कुमारींचा दृष्टांत आहे. वराची वाट पाहताना त्या दहाही जणींना झोप लागते, शहाण्यांना आणि मूर्खांना सारखीच. फरक असतो तो आधीच भरून ठेवलेल्या तेलाचा. आध्यात्मिक तयारी म्हणजे अखंड जागरण अशी समजूत या दृष्टांतावरून करून घेतली जाते. दृष्टांत मात्र झोपेपूर्वीच्या कामाविषयी बोलतो. केडगावचा दिनक्रम पाहिला तर हाच अर्थ तेथे आचरणात आलेला दिसतो. पहाटेची प्रार्थना होती, पण तिच्या पाठोपाठ दळण, स्वयंपाक, माग, शेती, गुरे, तेलघाणी, छापखाना व अक्षरओळख होती. अंध स्त्रियांसाठी बार्तिमी सदन आणि समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन ही स्वतंत्र व्यवस्था होती.

जानेवारी १९०५ मध्ये रमाबाईंनी मुलींपुढे आत्मिक जागृतीची आवश्यकता मांडली व दररोज विशेष प्रार्थनेस येणाऱ्या स्वयंसेविका मागितल्या. वेल्समध्ये १९०४ साली सुरू झालेल्या जागृतीच्या वार्ता येत होत्या, आणि खासी टेकड्यांतील वेल्श मिशनच्या मंडळ्यांतही चळवळ सुरू होऊ लागली होती. केडगावात आरंभी सुमारे ७० जणी पुढे आल्या. जूनपर्यंत ही संख्या ५०० च्या पुढे गेली. सहा महिने काहीही घडले नाही. 'काहीही घडले नाही' हे वाक्य उत्साही वृत्तांतांतून सहसा सुटते, पण प्रतीक्षेच्या दृष्टीने तेच महत्त्वाचे आहे.

२९ जून १९०५ च्या पहाटे साडेतीनच्या सुमारास वसतिगृहातील एका थोरल्या मुलीला आपल्या अंगावर अग्नी उतरल्याचा अनुभव आला. समकालीन मिशनरी वृत्तांतांनुसार तिच्याजवळच्या मुलीने ज्वाळा पाहिल्या, ती धावत जाऊन पाण्याची बादली घेऊन आली, आणि पाणी ओतणार तोच मुलगी जळत नसल्याचे तिच्या ध्यानात आले. दुसऱ्या दिवशी रमाबाई योहानाच्या शुभवर्तमानावर शिकवीत असताना मुली मोठ्याने रडू लागल्या, पापे कबूल करू लागल्या, आणि अनेक दिवस शाळेचे वर्ग बाजूला राहिले. या घटनेचे मानसशास्त्रीय विवेचन करता येईल. दुष्काळात आईबाप गमावलेल्या, उपासमारीतून व अत्याचारांतून आलेल्या मुलींचा दडलेला शोक तेथे मोकळा झाला असेल, ही शक्यता विचारात घेण्याजोगी आहे. ती पाण्याची बादली मात्र लक्षात राहते. चमत्काराची सहा महिने वाट पाहणाऱ्या वसतिगृहात ज्वाळा दिसताच एका मुलीला प्रथम पाणी आणण्याचे सुचले.

पुरावा पुन्हा दारात

यापुढचा भाग मराठी लेखनात जवळजवळ दुर्लक्षित आहे. केडगावात मुली अपरिचित भाषांत प्रार्थना करू लागल्याची वृत्ते १९०६ अखेरपासून विशेषत्वाने येऊ लागली. याच सुमारास अमेरिकेत, १९०१ साली टोपीका येथे चार्ल्स पारहॅम यांनी मांडलेला आणि १९०६ साली लॉस एंजेलिसच्या अझूसा स्ट्रीटवरील जागृतीतून प्रसार पावलेला एक सिद्धांत रूढ होत होता. अन्य भाषांत बोलणे हाच पवित्र आत्म्याच्या बाप्तिस्म्याचा पुरावा होय. ज्याला ते घडले नाही त्याला तो बाप्तिस्मा मिळाला नाही, असे त्याचे स्वरूप होते.

हा सिद्धांत स्वीकारणे रमाबाईंच्या सोयीचे होते. त्यांच्याच आवारात तो 'पुरावा' मुबलक होता, आणि जगभरच्या नव्या पंथांचे लक्ष केडगावकडे वळले होते. त्यांनी तो स्वीकारला नाही. अन्य भाषांचे दान ही एक खूण असू शकते, परंतु ती प्रत्येकाला मिळालीच पाहिजे असे नाही. प्रीती आणि पालटलेले आचरण यांना त्याहून मोल आहे, अशी त्यांची भूमिका होती. त्यांच्या सहकारी मिनी अब्रॅम्स यांनीही ही खूण अपेक्षणीय मानली, अनिवार्य मानली नाही. अब्रॅम्स यांची १९०६ सालची पुस्तिका १९०७ मध्ये चिलीतील वाल्पाराईसो येथे हूवर दांपत्याच्या हाती पडली आणि १९०९ च्या तेथील जागृतीला तिने चालना दिली. म्हणजे दक्षिण अमेरिकेतील एका मोठ्या ख्रिस्ती चळवळीचा एक धागा पुणे जिल्ह्यातील दुष्काळग्रस्त मुलींच्या वसतिगृहापर्यंत येतो.

तराफ्यावरचे पर्वत ओळखणाऱ्या भावाची ही बहीण होती. डोळ्यांना दिसणाऱ्या किंवा कानांना ऐकू येणाऱ्या चिन्हावर विश्वासाची इमारत उभारण्यास तिने १९०७ साली जो नकार दिला, त्याची जात १८८५ सालच्या नकाराहून वेगळी नाही. त्या वेळी अधिकार प्रमाणाच्या जागी बसू पाहत होता, आता चमत्कार. रमाबाईंच्या उत्तरायुष्यात चिकित्सा मावळली असे म्हणणाऱ्यांनी या भूमिकेचा विचार केलेला दिसत नाही. आत्मनिवेदनाला त्यांनी 'साक्ष' हा शब्द योजला हेही येथे ध्यानात घ्यावे. साक्ष ऐकणाऱ्याला प्रत्यक्ष दिसत नाही व अनुमानाने सिद्ध होत नाही. ती देणाऱ्याच्या सचोटीवर उभी राहते, आणि ऐकणारा ती नाकारू शकतो.

अखेरची वर्षे

जागृतीचा भर ओसरल्यानंतर रमाबाईंचा बराच वेळ बायबलच्या मराठी भाषांतरात गेला. त्यासाठी उतारवयात त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या. प्रचलित मराठी भाषांतरातील संस्कृतप्रचुर शब्द खेड्यातील स्त्रियांना कळत नाहीत, आणि त्यांतील अनेक शब्दांना जुन्या तत्त्वज्ञानाचे अर्थ चिकटलेले आहेत, हा त्यांचा आक्षेप होता. संस्कृतावर असामान्य प्रभुत्व असलेल्या पंडितेने तो घ्यावा यात विसंगती नाही. त्या शब्दांचे वजन तिच्याइतके कोणाला ठाऊक असणार? या साध्या भाषेचा अतिरेक झाला, आणि भाषांतर काही ठिकाणी खडबडीत राहिले, ही टीका मात्र निराधार नाही.

२४ जुलै १९२१ रोजी मनोरमा निवर्तल्या. संस्थेची धुरा त्यांच्यावर सोपवावयाची हे ठरलेले होते. आईवडील, बहीण, भाऊ आणि विवाहानंतर दोन वर्षांच्या आत पती गमावलेल्या रमाबाईंना वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी एकुलती एक कन्याही गमवावी लागली. भाषांतराचे काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे रमाबाईंचे निधन झाले. संपूर्ण मराठी बायबल मुक्ती मिशनच्या छापखान्यातून १९२४ साली बाहेर पडले. त्याचे खिळे जुळविण्यापासून छपाईपर्यंतची कामे ज्या स्त्रियांनी केली, त्यांतील अनेक जणी केडगावला आल्या तेव्हा निरक्षर होत्या.